फ्रान्सची मेंबर आणि बोदलकसाचं पाणी

फ्रान्सच्या लोकसभेत आमच्या घरमालकांची एक मेंबर होती.

हे वाक्य मी लिहिलंय तसंच ते बोलायचे. त्यात गमतीचं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. कुणाचं शेत शेजारच्या गावात असतं, कुणाची लेक बालाघाटला दिलेली असते, तशी यांची मेंबर फ्रान्समध्ये. गोंदियाच्या कडेला मुर्री गाव आहे, तिथं त्यांचं चार खोल्यांचं घर आणि त्यातल्या मागच्या खोलीत आम्ही भाड्यानं. गाव त्यांना फ्रान्सवाला बाबा म्हणायचं, तोंडावरसुद्धा. ते ओ द्यायचे. मी बाबाजी म्हणायचे.

मी खानापूर तालुक्यातली, सांगली जिल्हा. आमच्याकडचे गडी गलाईच्या धंद्यावर देशभर पांगलेले. सराफाकडचं जुनं सोनं-चांदी तेजाबात, म्हणजे ॲसिडात, आणि भट्टीत घालून शुद्ध करून द्यायचं, ते काम. आमचे हे गोंदियाच्या सराफ्यात होते. १९९९ साली लग्न करून मला घेऊन आले तेव्हा दोन दिवस आम्ही खोली शोधत फिरलो. तेजाबाचं नाव काढलं की लोक दार लोटायचे. माझं तर तोंडच उघडत नव्हतं. सातवीतनं शाळा सुटलेली, घरापासून इतकं लांब कधी आलेली नाही, आणि इथले लोक बोलले की निम्मं कळायचं, निम्मं भांडल्यासारखं वाटायचं.

बाबाजी दारात खुर्ची टाकून बसले होते. यांना त्यांनी एकच विचारलं, "तेजाब घरी आनसान का?"

"न्हाई जी. सगळं दुकानात."

मग माझ्याकडं बघून, "तुले लिवता येते का वं?"

मी घाबरून यांच्याकडं बघितलं. खोली भाड्यानं घ्यायला लिहिता कशाला यायला पाहिजे? "सातवी झालीय," मी म्हणाले.

"म्या सहावी. मंग जमते आपलं."

खोली मिळाली. आतून त्यांची बायको, जिला मी पुढं माय म्हणायला लागले, ती बाहेर येऊन म्हणाली, "बाप्पा, भाडं सांगतलं नाई आन परीक्षा घेऊन राहिला बुढा!"

बाबाजी पाटबंधारे खात्यात चौकीदार होते. तिरोड्याजवळ बोदलकसाचा तलाव आहे. तिथं पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, पट्टीवर रोज सकाळी सात वाजता पाण्याची पातळी बघायची आणि रजिस्टरात लिहायची, ही त्यांची उभ्या जन्माची नोकरी. रिटायर होऊन मुर्रीत आले, पण हात थांबला नाही. अंगणातल्या विहिरीत गाठी मारलेला दोर सोडायचे, गाठी मोजायचे आणि वहीत टिपायचे. विहिरीचा आकडा कुणाला हवा होता? कुणालाच नाही. मी एकदा भीत भीत विचारलं तर म्हणाले, "बोदलकसाचा तरी कोन वाचत होता? वाचनारा येते कधीतरी. तवा वही कोरी नसावी."

त्यांचे दोन नियम होते. पाहून लिवावं, आयकून लिवू नये. आणि खोडलं तं बाजूले सही मारावी, चूक झाकू नये. मोतीबिंदूनं डोळे अधू झाले तेव्हा दोर ते सोडायचे, गाठी मी मोजायचे आणि मीच लिहायचे. पहिल्या दिवशी माझा आठ नीट आला नाही म्हणून मी गिरवून जाड केला. त्यांनी वही डोळ्याला लावली. "हे काय? गिरवू नको. खोड, बाजूले लिव, सही मार." मी सही मारली. शाळा सुटल्यावर माझ्या सहीची गरज कुणाला तरी पहिल्यांदाच पडली होती.

आता मेंबरची गोष्ट.

मी जन्मायच्या आधी फ्रान्सची एक पोरगी बोदलकसाला आली. विशी-पंचविशीची. तलावाचं पाणी गावं कसं वाटून घेतात ते शिकायला. चौकीदाराच्या खोलीला लागून एक रिकामी खोली होती, तिथं दोन पावसाळे राहिली. मायच्या हातचा भात आणि तलावातले झिंगे, म्हणजे कोळंबी, खायची, रोज सकाळी सातला बाबाजींच्या बरोबर पाळीवर जायची आणि त्यांचा आकडा आपल्या वहीत उतरवायची. बोलायला शिकली ती इकडची झाडीबोलीच. माय सांगायची, "शेवटी शेवटी तं माह्यावर ओरडे, 'माय वं, मी उपाशी मरून राहिली!'"

ती परत गेली. काही वर्षांनी तिचं पुस्तक आलं, सगळं फ्रेंचमध्ये. बाबाजींना त्यातलं एकच पान वाचता यायचं, कारण त्यावर अक्षरं नव्हती. दोन पावसाळ्यांत बोदलकसाचं पाणी कसं चढलं-उतरलं त्याची एक वाकडीतिकडी रेघ होती. ते पान उघडून ते त्या रेघेवरनं बोट फिरवायचे. दुसऱ्या पावसाळ्यात एका जागी बोट थांबायचं. मग पुस्तक मिटायचे. मला वाटायचं, तिथं डोळे दमत असतील.

आणि मग एका जानेवारीत कार्ड आलं. जाड, गुळगुळीत, वर मोहोर. गोंदियाच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक सर होते, त्यांच्याकडं फ्रेंचची डिक्शनरी होती. त्यांनी सांगितलं, ही बाई आता त्यांच्या लोकसभेत निवडून गेलीय, नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतेय. तेव्हापासून दर जानेवारीला कार्ड यायचं, सोबत तिच्या वर्षभराच्या कामाचं चार पानी पत्रक. बाबाजी ते घेऊन सायकलवर सरांकडं जायचे. सर डिक्शनरी बघत अर्धं वाचायचे, अर्धं अंदाजानं सांगायचे आणि तेवढ्यावर बाबाजींचं वर्ष निघायचं.

तिची सगळी कारकीर्द त्यांना पाठ. आधी गावच्या नगरपालिकेत, मग तिथंच अध्यक्ष, मग लोकसभेत. तिचा मुलूख डोंगराचा आणि गाईंचा. शाळेच्या नकाशाच्या पुस्तकातलं फ्रान्सचं पान त्यांनी भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीखाली चिकटवलं होतं, त्यावर लाल ठिपका म्हणजे ती. तिथली लोकसभा अर्ध्या गोल दालनात भरते, ती डावीकडून कितव्या रांगेत बसते, शेतीच्या समितीत कशी गेली, पाण्याच्या कायद्यावर स्वतःच्या पक्षाच्या उलट मत कसं दिलं. चहाच्या टपरीवर लोक आमदार-खासदारांचं बोलत असले की बाबाजी मधेच सुरू करायचे.

"आमच्या मेंबरनं पक्षाच्या इरोधात मत देल्लं."

"मंग काढली का तिले पक्षातून?"

"नाई काढली."

"मंग कायची पार्टी आहे ते?" आणि टपरी हसायची. बाबाजी हसायचे नाहीत. चहा संपवून उठायचे.

तिच्या दोन गोष्टी त्यांनी उचलल्या होत्या. एक म्हणजे लेखी प्रश्न. तिथला मेंबर मंत्र्याला लिहून प्रश्न विचारतो आणि मंत्र्यानं दोन महिन्यांत लिहून उत्तर द्यायचं असतं. दोन्ही छापून येतात. तिच्या पत्रकात असे प्रश्न असायचे. अमक्या डोंगरावरचं पोस्ट आठवड्यातनं दोनच दिवस का उघडतं? दुधाची गाडी वरच्या वाडीला का जात नाही? बाबाजींना याचं फार अप्रूप. "सभेत हात हालवून बोलनं सोपं आहे. लिवून इचारा. लिवलं की मानूस इचार करते, आपल्याले खरंच काय पायजे म्हनून."

दुसरी गोष्ट शुक्रवारची. ती दर शुक्रवारी आपल्या गावच्या ऑफिसात बसते आणि कुणीही येऊन भेटतं. म्हणून बाबाजीही शुक्रवारी सकाळी आठ ते दहा दारात खुर्ची टाकून बसायचे. ते कुणाचेच मेंबर नव्हते. एकदा ग्रामपंचायतीला उभे राहून दणकून पडले होते, पण बसायचे. कुणी आलं, की हातपंप बंद आहे, पगाराचा कागद अडकलाय, तर ते काम करून द्यायचे नाहीत. समोर कागद सरकवायचे. "लिव. मी नाई लिवत. तुहा प्रश्न तू लिव." ज्याला येत नाही त्याचं मी लिहायचे, पण शब्द त्याचेच पाहिजेत, आणि शेवटी अंगठा त्याचा.

माझाही एक शुक्रवार झाला. माझी थोरली लेक दोन वर्षांची असेल. अंगणवाडीत मदतनीस पाहिजे असं कळलं, सातवी पास चालणार होती. माझा शाळेचा दाखला तिकडं सांगलीला, रेशनकार्ड नवीन, आणि मनात एकच, आपण बाहेरच्या, आपल्याला कोण घेतंय. मी आठ दिवस नुसती अंगणवाडीच्या ऑफिसावरनं ये-जा केली. शुक्रवारी बाबाजींनी खुर्चीतनं हाक मारली.

"काऊन वं सांगली, तोंड उतरून राहिलं तुहं?"

मी सांगितलं. त्यांनी कागद सरकवला.

"मी काय लिहू? त्यास्नी माझं हसू येईल."

"हसू दे. हसून तं हसून, जवाब तं लिवा लागन ना त्यायले."

दोन ओळी लिहायला मला तास लागला. सांगली जिल्ह्यातला दाखला चालतो का आणि इथं राहतो याचा कोणता कागद लागतो. बारा दिवसांनी उत्तर आलं, तेही दोन ओळींचं. दाखला चालतो, अमका कागद आणा. इतकंच होतं. इतक्यासाठी मला आठ दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. त्या अंगणवाडीत मी आजही आहे. माझ्या घरात शिजणाऱ्या भाताला त्या दोन ओळी कारण आहेत, हे मी विसरत नाही.

गावाला मात्र एक कोडं होतं. एवढी मोठी बाई ओळखीची आणि हा माणूस तिला कधी एक पत्र लिहीत नाही. लोक येऊन बसायचे. माझ्या पोराला तिकडं नोकरी लावायला सांगा, तलावासाठी पैसा मागा, निदान एकदा गोंदियाला बोलवा, हार घालू. बाबाजींचं उत्तर ठरलेलं, "ती मेंबर आहे. मेंबरले ओळखीच्या मानसानं चिठ्ठी लिवू नये. तिले वाटन, मागून राहिला."

"अन् नुसतं 'खुशाल आहे' म्हणून लिहिलं तर?" मी एकदा म्हणाले.

"तेबी मागनंच असते," ते म्हणाले, आणि विहिरीकडं गेले.

या सगळ्यात एक माणूस होता तो म्हणजे आमचा पोस्टमन. गोंदियाचा, जिभेवर अर्धी हिंदी. कार्ड तोच आणायचा आणि दर वर्षी टोमणा तोच मारायचा. एका जानेवारीत तो दारातच थांबला आणि म्हणाला, "बाबाजी, बुरा मत मानो. ये सब को जाता है. बोरे भर-भर के. मशीन पत्ता चिपकाता है, मशीन ही साइन मारता है."

"सही तिची आहे."

"देखो फिर." त्यानं बोट जिभेला लावलं आणि त्या सहीवरनं जोरात घासलं. शाई हलली नाही. निळी सही होती तशीच चकचकत राहिली. "छापील आहे जी. तिले मालूम बी नसन तुमी जित्ते आहा का मेले."

माय आतनं ओरडली, "जीभ झडो तुही!" पोस्टमन ओशाळला, पाणी पिऊन गेला. दुपारी मी बघितलं, ते खिडकीपाशी बसून जुनी सगळी कार्डं काढून एकेका सहीवर बोट फिरवत होते. ओलं बोट. मी पाय न वाजवता मागं फिरले.

त्या दिवसापासून मला एकच काळजी लागली. या माणसानं आपलं अर्धं आयुष्य जिच्या मागं लावलं, तिला तो माहीत आहे की नाही? त्यांनाही तीच लागली होती. बोलायचे नाहीत, पण कार्ड आलं की आता आधी सही बघायचे, मग कपाळाला लावायचे.

२००७ साली तिची निवडणूक आली. तोवर तिचा निकाल आम्हाला जानेवारीच्या कार्डावरनंच कळायचा, सहा-सात महिने शिळा. पण आता गोंदियात सायबर कॅफे झाले होते. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बाबाजी मला घेऊन गेले. कॅफेतल्या पोरानं बराच वेळ शोधून पान काढलं. तिच्या भागातल्या उमेदवारांची नावं, पुढं मतं, आणि सगळ्यात वर तिचं नाव. खाली दहा-बारा जण. बाबाजींनी तो छापील कागद छातीच्या खिशात ठेवला, थेट मिठाईच्या दुकानात गेले आणि दोन किलो पेढे घेतले.

मुर्रीत घरोघर पेढे गेले. टपरीवर, शाळेत, पोस्टमनला दोन. "आमची मेंबर पह्यली आली!" मी त्यांना कधी इतकं मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. संध्याकाळी सरांना पेढे द्यायला गेलो. सरांनी कागद बघितला, पेढा तोंडात घालता घालता थांबले.

"बाबाजी, ही तर पहिली फेरी आहे."

"म्हंजे?"

"तिथं कुणाला निम्म्याच्या वर मतं मिळाली नाहीत तर पुढच्या रविवारी वरच्यांची पुन्हा निवडणूक होते. ही पहिली आहे खरी, पण निम्म्याच्या वर नाही. अजून व्हायचीय."

इतकी वर्षं तिच्या रांगेतली जागा पाठ असलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं. पत्रकात निवडणूक होऊन गेल्यावरचीच बातमी असायची, आणि सरांनाही कधी सांगायचं सुचलं नव्हतं. बाबाजी सायकल धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आपलाच नियम मोडला म्या. वरचं पाह्यलं, खालचं पाह्यलंच नाई."

पुढच्या रविवारी ती पडली. बाकीच्यांची मतं एका बाजूला गेली.

टपरीनं चार दिवस सोडलं नाही. "बाबा, पेढे वापस कराचे का? पोटात गेले जी!" "बाबा, आमच्या सरपंचाची बी दुसरी फेरी घ्या!" बाबाजी रोज जायचे, रोज ऐकायचे. न जाणं त्यांना पटलं नसतं. शुक्रवारी खुर्ची टाकून बसले, नेहमीसारखे आठ ते दहा.

मग जानेवारी आला.

पोस्टमन गल्लीत शिरला की मी अंगणवाडीच्या दारातनं बघायचे. तो लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. दोन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतः येऊन बसला. आता त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "बाबाजी, ऑफिसच बंद झालं असन ना तिचं. ऑफिस गेलं, मशीन गेली. कार्ड कैसे आयेगा?"

"तेच तं," बाबाजी म्हणाले.

फेब्रुवारी गेला. कार्ड आलं नाही. मला रात्री झोप लागेना. मी यांना म्हणाले, सरांना सांगून आपणच एक कार्ड लिहून टाकूया का? हे म्हणाले, "त्यांच्या अधू डोळ्यांनाही कळेल." खरं होतं. इतक्या वर्षांची तिची सही त्यांना पाठ होती, खोटी लगेच ओळखली असती.

मार्चमधल्या एका शुक्रवारी, दहा वाजले, खुर्ची उचलायची वेळ झाली, तेव्हा बाबाजींनी मला हाक मारली. "सांगली, कागद घे. आज माहा प्रश्न आहे."

मी बसले. ते म्हणाले, "लिव. ती आता मेंबर नाई. आता तिच्यापाशी देवाले काई नाई, म्हनून आता लिवता येते."

मी लिहायला लागले. आधी त्यांनी विहिरीचे आकडे सांगितले. मग बोदलकसाची पाळ आता कशी आहे, माय बरी आहे, झिंगे महाग झाले. मग बाबाजी भिंतीवरच्या लाल ठिपक्याकडं तोंड करून बोलले, आणि मी लिहीत गेले.

'तुझ्या दुसऱ्या पावसाळ्यात ऑगस्टात मला ताप होता. एक दिवस मी पाळीवर गेलो नाही. आदल्या दिवशीच्या आकड्यात अंदाजानं चार इंच मिळवले आणि अकरा फूट चार इंच लिहिलं. तू ते आपल्या वहीत उतरवलं. मग ते पुस्तकात गेलं. मी तुला सांगितलं नाही, कारण नोकरी जाईल असं वाटलं. नंतर तू मेंबर झाली, तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर तिचं नाव खराब होईल. माझा एक खोटा आकडा तुझ्या पुस्तकात आहे. माझा प्रश्न असा की, त्यामुळे तुझं काही नुकसान झालं का? लेखी उत्तर द्यावं.'

बोट रेघेवर त्या एका जागी का थांबायचं, पत्र का लिहायचे नाहीत, दुसऱ्यांना 'पाहून लिव' म्हणताना आवाज इतका का चढायचा, सगळं एकदम समोर आलं. "बाबाजी," मी म्हणाले, "हे जाऊ दे की. तीस वर्सं झाली."

"तू लिव. खोडू नको."

त्यांनी सही केली, वेडीवाकडी. तिच्या घराचा पत्ता आमच्याकडं नव्हता, कार्डावर लोकसभेचाच असायचा. सरांनी तिच्या गावच्या नगरपालिकेचा पत्ता काढून दिला. पोस्टमननं पाकीट हातात घेऊन तोललं, तिकिटं स्वतःच्या हातानं लावली आणि म्हणाला, "पहुंच जाएगा जी." एवढंच.

एप्रिल गेला, मे गेला. बाबाजी खंगत चालले असं मला वाटायचं. माय म्हणायची, उन्हाचं. शुक्रवार मात्र चुकला नाही. मला अंगणवाडीत लेकरांना भात वाढताना उगाच वाटायचं, ते पाकीट कुठल्यातरी समुद्रावर ओलं झालं. किंवा पोचलं, आणि तिनं वाचून म्हटलं, कोण हा?

पोळ्याच्या आठवड्यात, शुक्रवारीच, पोस्टमन सायकल गल्लीतच टाकून पळत आला. पांढरं पाकीट. छापील काही नाही. पत्ता हातानं लिहिलेला, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत, नुकतीच बाराखडी शिकलेल्या लेकरासारखा. आत तीन पानं, निळ्या शाईची, मराठीच. अक्षर माझ्यापेक्षा वाईट होतं. माझ्यापेक्षा वाईट मराठी अक्षर असलेली एक बाई लोकसभेत बसून आली होती, हे बघून मला आत कुठंतरी फार धीर आला.

"आदी शेवटचं पान दे," बाबाजी म्हणाले. मी दिलं. त्यांनी बोट जिभेला लावलं, चाचपत सहीवर नेलं आणि फिरवलं. शाई फरफटत कागदभर गेली. बोट निळं झालं. ते बोट त्यांनी पोस्टमनच्या तोंडासमोर धरलं. पोस्टमननं खाली बघितलं आणि डोळे पुसले.

"आता वाच," ते मला म्हणाले.

मी वाचलं. 'चौकीदार दादा, तू जिता आहे हे वाचून मी लय रडली. कार्ड ऑफिस पाठवत होतं, सही बी मशीनची. पण यादीत तुझं नाव मी टाकलं होतं, सगळ्यात पहिलं. तू कधी लिहिलं नाही, मी समजली रागावला, नाही तर मेला. औंदा ऑफिस नाही. कोणाकोणाले लिहायचं ते सुचत नव्हतं. मी पडली. पडल्यावरच्या शुक्रवारी बी मी बसली, लोक येणार होते ना.'

बाबाजींनी मान हलवली. हे त्यांना नवीन नव्हतं.

'तुझ्या प्रश्नाचं लेखी उत्तर. त्या दिवशी तुले ताप होता. मी एकटी पाळीवर गेली. पट्टी पाहिली. अकरा फूट नऊ इंच होतं. तू चार लिहिलं ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं, पण बोलली नाही, तू तापात होता. माझ्या वहीत आणि पुस्तकात नऊच आहे. नुकसान झालं नाही. तुझ्या वहीत दुरुस्त कर.'

बाबाजी एकदम उसळले. "मंग तिनं तवाच काऊन नाई सांगतलं? तीस वर्सं! तीस वर्सं म्या ते रेघ पाहून राहिलो!"

माय दारात सुपात तांदूळ घेऊन उभी होती. शांतपणे म्हणाली, "मले मालूम होतं ती गेल्ती म्हून. माहीच छत्री घेऊन गेल्ती. चिखलानं भरवून आनली."

बाबाजी त्या बाजूला वळले. "तुले मालूम होतं? मंग तू बी नाई सांगतलं?"

"तू इचारलं का?" माय म्हणाली. "तोंडानं बी नाई, लेखी तं नाईच नाई." आणि तांदूळ पाखडायला लागली.

पोस्टमन आधी हसला. मग मी. शेवटी बाबाजींचे खांदे हलायला लागले. हसत होते की काय, मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी पाहिलं ते एवढंच.

त्यांनी लोखंडी पेटी उघडायला लावली. सरकारी रजिस्टर साहेबांकडं जमा व्हायचं, पण त्यांनी सगळ्याची आपली नक्कल ठेवली होती. पिवळ्या वह्या, वर्षावार. ऑगस्टचं ते पान मी शोधलं. अकरा फूट चार इंच. त्यांनी पेन मागितलं, मी बोट धरून त्यांना जागा दाखवली आणि त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली. वर नऊ लिहिलं. बाजूला सही केली.

मग वही माझ्याकडं सरकवली. "साक्षीदार पायजे. लिव. पाहून लिवलं म्हनून लिव."

मी लिहिलं, आणि खाली माझी सही केली. ती वही आता माझ्याकडं आहे.